ओ+ शोधलं की ओंकार येतो

११ फेब्रुवारी, सांगली

वीरू,

ॲपच्या तळाशी 'तुमची सूचना इथे लिहा' अशी एक पेटी आहे, तिच्यात हे लिहिते आहे. दुसरा रस्ता तू ठेवलेला नाहीस. फोन लागत नाही, व्हॉट्सॲपवर एकच खूण येऊन थांबते, आणि पुण्यातली खोली तू सोडलीस असं तुझ्या घरमालकाने सांगितलं. ही पेटी मात्र अजून तुझ्याच मेलवर उघडते, हे तुझ्या दादांना माहीत नाही, मला आहे. तेव्हा ही सूचना समज, तक्रार समज, नाहीतर वहिनीचं पत्र समज.

तुझ्या दादांना कुपवाडच्या कारखान्यात सुपरवायझर केलं, तेव्हापासून रक्तदाता मंडळाचं काम माझ्या गळ्यात पडलंय. त्यामुळे तू करून दिलेलं ॲप मी रोज वापरते. वापरते म्हणजे रोज त्याच्याशी भांडते.

परवा एका मुलाचा फोन आला, त्याच्या आजोबांना ओ पॉझिटिव्ह रक्त हवं होतं. मी शोधाच्या चौकटीत 'ओ+' लिहिलं. तर ओंकार नावाची सगळी पोरं हजर! त्यातला एक बी निगेटिव्ह, एकाला स्वतःचा गटच माहीत नाही. त्यांच्या पाठोपाठ ओगलेवाडीची झाडून सगळी माणसं, का, तर गावाच्या नावात 'ओ' आहे. 'बी+' लिहिलं तर कुपवाडात लेथवर काम करणारे आपले नबीलाल मुल्ला येतात. 'बी' त्यांच्या नावात आहे, रक्तात नाही. तरी दर आठवड्याला त्यांना कुणीतरी बी पॉझिटिव्हसाठी फोन करतं. परवा मला म्हणाले, "ताई, आता नावच बदलून घेतो, म्हंजे मिटलं."

दुसरी तक्रार कंसाची. शिंदे गावोगाव आहेत म्हणून लोकांनी आपलं नाव 'शिंदे (कवठे महांकाळ)', 'शिंदे (आटपाडी)' असं भरलंय. मी 'शिंदे' लिहिते तोवर सगळं ठीक. कंस उघडला रे उघडला की पडदा पांढरा फटक. कंस पुरा करायलासुद्धा वेळ देत नाही. मग ॲप बंद करा, पुन्हा उघडा, पुन्हा पहिल्यापासून. समोरच्या माणसाचा जीव टांगणीला, आणि मी इकडे "थांबा हं, उघडतंय" म्हणून त्याची समजूत घालते.

सहा महिन्यांत कुणी तक्रार का केली नाही, असं विचारशील. आपल्याकडे यंत्र चुकलं तरी माणूस स्वतःलाच अडाणी समजतो. "आमाला कुठं येतंय ते मोबाईलचं," म्हणतात आणि गप्प बसतात. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही, हे तुला मी या घरात आले तेव्हापासून, म्हणजे तू सातवीत होतास तेव्हापासून माहीत आहे.

पंधरा ऑगस्टचं तू अजून मनात धरून बसलायस, तेही मला माहीत आहे. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर पाहुण्यांची नावं होती, मंडळाची होती, खुर्च्या देणाऱ्या मंडपवाल्याचंसुद्धा होतं. ज्याने रात्रंदिवस बसून ॲप बनवलं त्याचं तेवढं नव्हतं. तू वाढलेल्या ताटावरून उठून गेलास. तुझे दादा म्हणाले, "घरच्या मानसाचं नाव काय घालायचं?" हे त्यांना अजूनही खरंच तसं वाटतं, आणि मला दोघांचाही तेवढाच राग येतो.

कंस आणि अधिकचं काहीतरी कर. तुझी बहीण रेश्मा माहेरी आली आहे. का आली, ते विचारलंस तर सांगेन.

अंकितावहिनी


१४ फेब्रुवारी, सांगली

वीरू,

म्हणजे वाचतोस तर! उत्तर नाही, पण सकाळी ॲपने नवं रूप घेतलं आणि खाली एक ओळ आली, 'किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.' घरातल्या माणसाला सहा महिन्यांत एक ओळ लिहिली नाहीस आणि ही ओळ मात्र अडीचशे लोकांना पाठवलीस.

कंस टाकला तर पडदा पांढरा होत नाही, हे मान्य. पण तू केलंस काय, तर चिन्हंच गाळून टाकलीस! कंस टाकला की गायब, अधिक टाकलं की गायब, वजा टाकलं की गायब. आधी निदान 'ओ-' लिहिलं की ओ निगेटिव्हवालेच मिळायचे. आता 'ओ+' लिहा नाहीतर 'ओ-' लिहा, तुझं ॲप नुसता 'ओ' शोधतं आणि ओगलेवाडीसकट सगळा बाजार पुढ्यात ओततं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! अरे, रक्तगटाच्या कामात अधिक-वजा काढून टाकल्यावर उरतं काय?

आणि मला आज नेमका ओ निगेटिव्हच हवा होता. अख्खी यादी नावानाव उघडून बघते आहे. अंगठा दुखायला लागला.

अंकितावहिनी


१७ फेब्रुवारी, पुणे

वहिनी,

तुमच्या दोन्ही सूचना मिळाल्या. कारण सांगतो.

मी जो शोध वापरला आहे त्याला स्वतःची एक भाषा आहे. त्या भाषेत काही चिन्हं ही अक्षरं नसतात, हुकूम असतात. + म्हणजे 'याच्या आधीचं अक्षर एकदा किंवा कितीही वेळा'. त्यामुळे 'ओ+' लिहिलं की तो 'जिथे जिथे ओ आहे ते सगळं आण' असं समजतो. उघडा कंस म्हणजे त्याच्या दृष्टीने अर्धवट हुकूम, म्हणून तो कोलमडतो. वजा हा त्या जागी हुकूम नाही, म्हणून 'ओ-' बरोबर चालायचं. माणसाने लिहिलेलं शोधाला देण्याआधी प्रत्येक अशा चिन्हापुढे एक उलटी तिरकी रेघ घालायची असते. मग तो त्याला साधं अक्षर मानतो. ते माझ्याकडून राहिलं, कारण दादाला पंधरा ऑगस्टलाच नारळ फोडायचा होता. परवाची दुरुस्ती घाईची होती. नीट करतो.

पण फोन करण्याआधी नावावर बोट ठेवलं की रक्तगट दिसतो. लोकांनी तो बघायला हवा.

वीरधवल


१९ फेब्रुवारी, सांगली

वीरू,

'लोकांनी बघायला हवा' म्हणे! तुझ्या पडद्यावर नाव दिसतं, गाव दिसतं आणि त्याच्या शेजारी हिरवंगार फोनचं बटण. ज्याचा माणूस आत ऑपरेशनच्या टेबलावर आहे, तो बोट नावावर ठेवेल की बटणावर? आम्ही साधी माणसं. आम्ही अधिक लिहितो तेव्हा आम्हाला अधिकच म्हणायचं असतं. कुणाला हुकूम सोडायचा नसतो.

आता त्या एका चिन्हाने काय करून ठेवलंय ते ऐक.

आपल्या यादीत ओ निगेटिव्ह पाचच जण. दुर्मिळ गट म्हणून त्या पाचही जणांनी नाव नोंदवताना 'कधीही बोलवा' यावर खूण केली होती. आणि तू व्यवस्था अशी केलीस की 'कधीही बोलवा'वाले यादीत सगळ्यात वर. चांगली व्यवस्था. फक्त ओ पॉझिटिव्ह शोधणाऱ्या प्रत्येकाला हेच पाच जण सगळ्यात वर दिसत होते, सहा महिने! रक्त दिलं की नाव तीन महिने लाल राहतं, आणि ते हिरवं झालं की लगेच कुणीतरी त्यांना बोलावतं.

काल मी एकेकाला फोन लावला. साताऱ्याचे सुभेदार लालासाहेब म्हणाले, "आवं ताई, आठ तारखेलाच दिलं की, सांगलीत यिऊन. फोन आला, रक्त पायजे, लगीच निगालो. अशा कामात काय इचारायचं?" नबीलालना विचारलं, तुम्ही काही बोलला नाहीत का? "बोललो की, गेल्या म्हैन्यात दिलं तवा. म्हनलं माजं निगेटिव्ह हाय, बघा. तितला मानूस म्हनला, चालतंय, ओ निगेटिव्ह समद्यांला चालतंय. मग काय करनार, झोपलो खाटंवर." आटपाडीच्या केरबांनी जानेवारीच्या शेवटी दिलं, नानासोंनी त्याच्या पुढच्या आठवड्यात. कुणाचंच चुकलं नाही. रक्तपेढीला दिलेल्या पिशवीच्या जागी बदली रक्तदाता हवा असतो, तो मिळाला. पेशंटला रक्त हवं असतं, ते मिळालं. सगळं सुरळीत झालं, म्हणूनच चूक कुणाच्या लक्षात आली नाही.

पाचवे तुझे दादा. त्यांनी दोन तारखेला दिलं. मंडळाचा अध्यक्ष मागे कसा राहील?

आता मला ओ निगेटिव्ह का हवं, ते सांगते. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. रेश्माला आठवा महिना आहे. तू मामा होणार आहेस, आणि ही बातमी तुला सूचनापेटीतून कळते आहे. याला काय म्हणावं, मला सुचत नाही.

बाळाची वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्तस्राव होऊ शकतो, ऑपरेशनच करायचं, आणि ओ निगेटिव्ह रक्त हाताशी असल्याशिवाय हात लावणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. रक्तपेढीत त्या गटाची एकच पिशवी शिल्लक आहे. ते म्हणतात, बदली ओ निगेटिव्हच आणा, मग ही तुमच्या नावाने राखतो, नाहीतर उद्या दुसरं कुणी आलं तर आम्हाला द्यावी लागेल. त्यांचंही खरंच आहे. तिच्या नवऱ्याला, शिवतेजरावांना, सीमेवरून अजून रजा मिळालेली नाही. मिळाली तरी त्यांचा गट वेगळा.

मी रेश्माला म्हटलं, वीरूला कळव. ती म्हणाली, "त्यानं फोन केला तर सांगीन. मी का म्हनून?" मी तुझ्या दादांना म्हटलं, तुम्ही बोलवा. ते म्हणाले, "त्याला कळत न्हाई व्हय?" अरे, न सांगता कुणाला काय कळतं? तुम्हा तिघा भावंडांचा रक्तगट एक आणि हेकाही एक. आई-आबा असते तर त्यांनी एकेकाचा कान धरला असता. ते नाहीत, म्हणून मी मध्ये सापडले आहे.

मला भीती वाटते, वीरू. ती हसते, खाते, शेंगदाण्याचा लाडू मागते, आणि मला तिच्याकडे बघवत नाही. पाच जण लाल आहेत. तू एकटा उरलास.

ये.

अंकितावहिनी


२४ फेब्रुवारी, सांगली

वीरू,

पुन्हा ॲपचं नवं रूप आलं. खाली ओळ, 'अधिक, कंस, टिंब इत्यादी चिन्हे आता जशीच्या तशी शोधली जातील.' मी तपासलं. 'ओ+' लिहिलं, ओ पॉझिटिव्हवालेच आले. ओंकार गेले, ओगलेवाडी आपल्या घरी गेली. 'बी+'मध्ये नबीलाल नाहीत, त्यांना कळवलं, ते हसले. शिंदेंचा कंस उघडला, पडदा तसाच शाबूत. यादीत नावाशेजारी रक्तगटही मोठ्या अक्षरांत दिसतोय. 'ओ-' लिहिलं. पाच नावं आली, पाचही लाल.

बैल गेला आणि झोपा केला.

काम छान केलंस. उलटी रेघ तू कुठे घातलीस, ती आम्हाला दिसतसुद्धा नाही. पण मी तुझ्याकडे शोध मागितला नव्हता रे, माणूस मागितला होता. एका पत्राचं उत्तर तीन ओळींत देता येत नाही, आणि ॲप मात्र दहा दिवसांत दोनदा बदलता येतं! तुझ्याशी बोलायचं तर आता मी आणखी काय बिघडवू?

अंकितावहिनी


७ मार्च, सांगली, दवाखान्यातून

वीरू,

आता तुझा नंबर माझ्याकडे आहे. पण फोनवर तू नुसतं "हूं, हूं" करशील, म्हणून इथेच लिहिते. ऐकून घ्यायची सवय तुला याच पेटीतून लागली आहे.

काल सकाळी रेश्मा न्हाणीघरातून ओरडली. मी धावत गेले. खाली रक्तच रक्त. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या दिवसाच्या दोन आठवडे आधीच. दवाखान्यात आणलं, त्यांनी तिला आत घेतलं आणि मला विचारलं, "रक्ताचं काय?" तुझे दादा दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या रक्तपेढीच्या खिडकीवर हात पुढे करून उभे, "माझं घ्या, माझं घ्या," आणि आतल्या बाई म्हणतात, "तुमचे तीन महिने झाले नाहीत, दादा." ते भांडायला लागले. मी ॲप उघडलं. काय सापडणार होतं, कोण जाणे. पाच नावं तर मला तोंडपाठ होती. तरी 'ओ-' लिहिलं, आणि सहा नावं आली.

सहावं नाव वीरधवल. गाव सांगली. 'कधीही बोलवा'वर खूण. नाव हिरवं.

मला तेव्हा रडायला वेळ नव्हता. बटण दाबलं. तू उचललास आणि "हॅलो" म्हणालास, आणि माझ्या तोंडून पेशंटच्या नातेवाइकासारखंच वाक्य आलं, "नमस्कार, ओ निगेटिव्ह रक्त हवंय, अर्जंट आहे." तू म्हणालास, "वहिनी, मी खालीच आहे."

खालीच! म्हणजे तू परवापासून सांगलीत मित्राकडे येऊन राहिला होतास. यादीत गाव सांगली लिहिलंस, पण घरी यायला पाय उचलला नाहीस. सकाळी आम्ही रिक्षातून तिला नेताना शेजारच्या रुमानाने तुझ्या मित्राला सांगितलं आणि तू आमच्या मागोमाग येऊन फाटकाशी उभा राहिलास. कुणीतरी बोलवायची वाट बघत! बहीण आत, आणि हा बोलावण्याची वाट बघतोय. तुला धरून हलवावंसं वाटलं मला. आणि त्याच क्षणी तुझे पायही धरावेसे वाटले, हेही लिहून टाकते.

तू खाटेवर झोपलास, तुझी पिशवी भरायला लागली, आणि त्यांनी शिल्लक असलेली ती एकच पिशवी वर पाठवली. रेश्माला ती पूर्ण चढली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, वेळेत मिळालं. एवढंच म्हणाल्या.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. रेश्मा शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाली, ठाऊक आहे? "वीऱ्या आलता न्हवं? मला म्हाईत हुतं." आणि झोपली.

आणि हे सांगायला मी खाली आले, तर तू गेलेला! रक्तपेढीच्या बाई म्हणाल्या, कॉफी अर्धी ठेवली, बिस्किटाला हात लावला नाही, दंडावरची पट्टीही नीट दाबून धरली नाही आणि गेले. एवढ्या लांब येऊन भाचीचं तोंड न बघता जाणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. तुझे दादा फाटकाकडून येताना दिसले म्हणून गेलास, हे मला कुणी सांगायला नको.

ते आता शेजारच्या बाकावर बसले आहेत. मी काय लिहिते ते तिरक्या नजरेने बघतायत. आता त्यांना ही पेटी दाखवते. तू दादांना नंबर दिलेला नाहीस, पण हिला कुलूप घातलेलं नाहीस.

अंकितावहिनी


७ मार्च, सांगली

वीरू, मी दादा. मला टाइप करायला जमत न्हाई म्हणून बोलतोय, हे आपोआप लिवून घेतंय म्हणं. तुजी वहिनी आत गेलीया.

काल तू फाटकातनं बाहीर पडलास तवा मी चहाच्या गाड्यावर हुतो. तू बघितलंस, मी बी बघितलं. दोन कप सांगितलं हुतं मी. हाक मारायची सोडून मी चहावाल्याचं पैसं मोजत बसलो. तू गेलास, मग दोनी कप मीच प्यालो. पित्त झालं.

कारखान्यात मी शंबर मानसांवर वरडतो. काल त्या खिडकीवर माजं कुणी ऐकलं न्हाई, आनि ते बरुबर हुतं. आत रेश्मी, आनि मी थोरला भाऊ म्हणून नुसता उभा. लय भ्यालो गड्या. असा कवाच भ्यालो न्हवतो, आबा गेलं तवा बी न्हाई. मग वरनं नर्सबाई म्हनली, तुमचा भाऊ आलाय, पिशवी सुटली. मी तितंच खाली बसलो. लोकं बघत हुती, बघू देत म्हनलं.

पोरगी लय गोड हाय. नाक तुजंच हाय, बारीक. सारकी रागानं बघती, म्हंजे आपल्याच घरची.

रेश्मीनं सकाळी इचारलं, दादा, जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतंय, आनि मामा तर दोन हायत. कुनाच्या मांडीवर बसवायची? मी थोरला, मान माजा हाय. समदी मला मोप सांगत हुती, तुमीच बसा म्हणून. पर मी सांगितलंय, मांडी वीरूची. शिवतेजरावांना बी फोनवर सांगून ठेवलंय, म्हंजे नंतर कुनी हुज्जत घालायला नको.

आता तू कवा येतोस ते तू ठरीव. लगीच ये, वर्सानं ये. तवर मी तिच्या डोसक्याला कात्री लावू देनार न्हाई. केस वाढून डोळ्यांत आलं तरी न्हाई.